काचेऐवजी अंबाडी

वडील कामावरून आले की आम्ही दोघी बहिणी त्यांच्यापासून लांब राहायचो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये ते फायबरच्या टाक्या बनवत. त्यात घालायच्या काचेचे बारीक तंतू त्यांच्या हातांवर, कॉलरमध्ये, भुवयांतसुद्धा रुतलेले असत. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत धुवायची. आंघोळ होईपर्यंत त्यांनी आम्हाला कधी जवळ घेतलं नाही, आणि नंतरही ते कोपरापर्यंत खाजवत बसत. शाळेतल्या इंग्रजी निबंधात मी त्यांना सुपरवायझर करून टाकलं होतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी प्रोजेक्टसाठी फायबरच्या पत्र्यात काचेच्या जागी अंबाडीचे तंतू घेतले. त्यांच्या हातातली काच सुटावी, हे कारण कुणालाच सांगितलं नाही.

मखमलाबादला मामाच्या मळ्यात बियांसाठी राखलेल्या अंबाडीचे दांडे बी काढल्यावर बांधावर फेकले जायचे. मामीने ते दांडे पाण्यात कुजवले, साल सोलून धुतली आणि वेणी घालून पाठवली. तंतू छान चमकत होते.

रविवारी रिकाम्या शेडमध्ये वडिलांनी ते साच्यात पसरले, वर वाळून कडक होणारं चिकट रेझिन ओतलं. दुसऱ्या दिवशी पत्रा वाकवला तर कडकन मोडला. मोडलेल्या कडेतून तंतू अख्खेच्या अख्खे निसटून आले. वडिलांनी एक नाकाशी नेला.

"तेल लावलंय. रेझिन धरणार कशाला?"

मामीला फोन केला.

"मग काय राठ पाठवू पोरीच्या कॉलेजात? खोबरेल लावलंय, चांगलं."

तंतू कशासाठी हवेत, हे मी तिलाही सांगितलं नव्हतं.

आईने उरलेले तंतू धुण्याच्या सोड्यात उकळून उन्हात वाळवले. दुसरा पत्रा मोडला नाही. शेडच्या मालकाने त्याचा एक तुकडा चार दिवस पाण्यात ठेवला. कडा फुगल्या.

"कॉलेजला चालेल ताई. टाकीला नाही चालणार."

त्यांचं बरोबर होतं. वडील निवृत्त होईपर्यंत काचच हाताळत राहिले.

प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी त्यांनी घरासमोर बसून तो पत्रा करवतीने कापून दिला. भुसा त्यांच्या कोपरापर्यंत बसला होता. मी सवयीने हात धुवायला बादली भरून आणली. त्यांनी तळव्याने कोपर चोळून पाहिलं.

"हे टोचत नाही गं," म्हणाले, आणि तसाच हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

मी बादली धरून उभी राहिले.