ठासून भरलेला पाईप

गाद्या-उशा भरण्यात आत्याची चाळीस वर्षं गेली होती, त्यामुळे साठाव्या वर्षी घेतलेल्या पहिल्या पाईपमध्ये तंबाखूही तिने उशीसारखीच ठासून भरली. ओढून ओढून गालफडं बसली, पण धुराचा पत्ता नाही.

"शोभतं का हे तुला? लोक काय म्हणतील?" थोरल्या भावाने घसा खाकरून नेहमीची तबकडी लावली.

"दादा, तू कॉलेजपासून सिगारेटी फुंकतोयस. तेव्हा लोक काय गावाला गेले होते?"

"निदान मागच्या खोलीत तरी बस!"

आत्याने तंबाखू उकरून काढली, बोटाने भुसभुशीत भरली, काडी ओढली आणि हळूच झुरका घेतला. धूर आला. जीभ चांगलीच पोळली, पण चेहऱ्यावर तिने काही दिसू दिलं नाही. खुर्ची उचलली आणि थेट दाराबाहेर, रस्त्यालगत नेऊन मांडली.