हसण्याची धास्ती

‘हसत हसत गेले, भाग्यवान माणूस,’ भेटायला येणारे सगळे हेच म्हणतात. महिना उलटला, मी मान डोलावते आणि चहा टाकते. त्यांचं काय जातं... त्या रविवारी टीव्हीवर जुना विनोदी सिनेमा लागला होता. हे खदखदून हसत होते, मी स्वयंपाकघरात होते. हसणं मध्येच थांबलं. मी धावले, पण सगळं आटोपलं होतं.

आमच्या ह्यांचं हृदय तरुणपणीच अधू झालेलं. छाती धडधडेल असले मारधाडीचे सिनेमे डॉक्टरांनी बंद केले, तर ह्यांनी पळवाट काढली. खऱ्या हेराचा सिनेमा नको ना, मग खोट्या हेराचा बघू! सीताबर्डीला रविवारी सकाळच्या खेळाला असले सिनेमे लागत. भिंगातून स्वतःचाच बूट तपासणारा गुप्तहेर, जंगलात रबरी मगर, पाठीवरची चेन दिसणारा गोरिला. सासूबाईंनाही पटलं, सोबतीला मला धाडायच्या. मी पडदा कमी आणि ह्यांचा चेहरा जास्त बघायची. हसता हसता ह्यांना धाप लागायची, ओठ निळे पडायचे. घरी सांगितलं तर सगळे मलाच हसले.

एकदा त्या गोरिलानं हेराची टोपी डोक्यावर चढवली आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात ह्यांची मान पुढं कलली. मी हलवलं, हाका मारल्या, शेवटी किंचाळले. लोक आणखीच हसले. पुढच्या रांगेतला एकजण वळून समजुतीनं म्हणाला, ‘वहिनी, घाबरू नका. त्याच्या आत माणूस हाये.’ इतकी एकटी मी आयुष्यात कधी पडले नव्हते.

थोड्या वेळानं ह्यांनी डोळे उघडले. घरी चला म्हणून मी उठले, तर पदर धरून खाली बसवलं.

‘बस ना वं. हसून राहिलो का तेवढा वेळ मले भेव वाटत नाही.’

तोवर मी समजत होते, भीती माझ्या एकटीचीच आहे. त्यानंतर मी त्यांना कधी अडवलं नाही. दर रविवारी सोबत निघायची.

मुलगा म्हणतो, आई, आता तरी निवांत राहा. कशी राहू? परवा शेजारच्या घरात कोणीतरी मोठ्यानं हसलं आणि एकदम गप्प झालं. मी भरलेली बादली घेऊन अंगणात तशीच उभी... पुन्हा हसू ऐकू येईपर्यंत ती खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.