पाच जीबीचा बांध

कर्नाटकात, सीमेवरच्या औराद तालुक्यातल्या आमच्या शाळेत तीन हेडमास्तर होते. एक कन्नड माध्यमाचे, एक मराठीचे, एक उर्दूचे. पटांगण एक, बोअर एक, आणि कॉम्प्युटरची लॅबही एकच. लॅब चालवायचा ठेका सरकारनं एका कंपनीला दिलेला आणि मी त्या कंपनीचा माणूस. पगार कंपनीचा, खुर्ची शाळेची, बोलणी तिघांची.

घरी अप्पा विचारायचे, "तू तिथं करतूस काय नेमकं?"

"राखण," म्हणलं.

अप्पा खूश झाले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. त्यांना वाटलं, पोरगं बापाच्याच धंद्यात आहे, फक्त सावलीत बसून.

आणि होती ती राखणच. कशालाही हात लावायचा नाही, हा कंपनीचा पहिला नियम. बिघडलं तर बेंगळुरूला फोन करायचा, तक्रारीचा नंबर घ्यायचा आणि वाट बघायची. मग बिदरहून इंजिनिअर यायचा, एक सीडी घालायचा आणि मशीन पहिल्या दिवसासारखं कोरं करून जायचा. काय बिघडलं होतं, हे तो विचारायचा नाही. पोरांची दहा मशीनं तर अशी बांधलेली, की बंद करून चालू केली की कालचं सगळं पुसलेलं. काही साठवायचं तर माझ्या टेबलावरच्या अकराव्या मशीनवर.

त्या मशीनच्या डिस्कचे चार कप्पे. एक कंपनीचा, त्याला कुलूप. उरलेले तीन तीन माध्यमांना, अगदी सारखे. तंटा तिथंच होता. कन्नडचे हेडमास्तर म्हणायचे, राज्यभाषेला आणि बाकीच्यांना सारखंच कसं? मराठीचे हेडसर म्हणायचे, पोरं आमची जास्त. उर्दूचे हेडमास्तर चहा पीत म्हणायचे, "जो है वो बहुत है." त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

मराठी हेडसर रोज प्रार्थनेनंतर लॅबच्या दारात उभे.

"किती जीबी हाय रे आपलं?"

"कालच्याएवढंच, सर."

"वाढलं न्हाई?"

त्या कप्प्यात त्यांच्या लेकीची लग्नपत्रिका होती, तीन रंगांत. पत्त्यांचा एक खेळ होता. आणि 'महत्त्वाचे' नावाचा एक फोल्डर होता, तो रिकामा.

उर्दूच्या कप्प्यात मात्र काम होतं. एक बाई, वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे. उर्दूत गाईड मिळत नाही म्हणून दोन वर्षं मधल्या सुट्टीत बसून त्यांनी दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट टाइप केल्या होत्या, एका बोटानं. मार्चमध्ये तालुक्याचे साहेब येऊन ते काम बघणार आणि आपांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे त्यावरून ठरणार. हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं मला सूट द्यायची कुणाला गरज वाटणार नाही.

फेब्रुवारीतला शनिवार, शाळा सुटलेली. हेडसर आले, खुर्ची ओढून बसले.

"उर्दूवाल्यांची जागा रिकामीच पडलीय म्हणं. पाच जीबी इकडं सरकव की."

"सर, कंपनीचा नियम हाय..."

"कंपनी बेंगळुरात हाय. तू कुठं ऱ्हातूस? आरं, मराठीसाठी एवढं करंनास?" मग आवाज उतरवून म्हणाले, "शाळंत क्लार्कची जागा निघायलीय. माझा मेव्हणा वर बोलतो."

मराठीसाठी मी केलं नसतं. क्लार्कसाठी केलं.

उदगीरच्या एका दुकानदाराकडून मागं एकदा सीडी आणून ठेवली होती, कप्प्यांची हद्द सरकवणारी. तीच घातली. पडद्यावर पट्टी पुढं सरकत होती आणि हेडसर बांध कोरणाऱ्या भावकीसारखे मान लांब करून बघत होते. पट्टी निम्म्यावर असताना लाईट गेली. लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या वर्षापूर्वीच मेलेल्या. कंपनीला पाठवायच्या दर महिन्याच्या तक्त्यात त्यांच्यापुढं 'चालू' मीच लिहायचो.

लाईट आली तेव्हा मराठीचा कप्पा होता तेवढाच होता. उर्दूच्या जागी नुसती काळी पट्टी.

"व्हायरस म्हण," हेडसर म्हणाले आणि जेवायला गेले.

सोमवारी आपा आल्या. "सर, आमचा कप्पा दिसंना की."

"व्हायरस आलाय, आपा. पेनड्राइव्हमधून आला असणार."

शाळेत पेनड्राइव्ह एकट्या त्यांच्याकडं होता. कंपनीच्या इंग्रजी फॉर्मवर मी कारण लिहिलं, 'बाहेरचा पेनड्राइव्ह', आणि खाली त्यांची सही घेतली. त्यांनी दिली.

त्या दुपारी मी तीच सीडी पुन्हा घालून बघितलं. काळ्या पट्टीखाली फायलींची यादी उमटली. जवळजवळ सगळं जागेवर होतं, फक्त वाट तुटलेली. तासाभरात दुसरीकडं उतरवून घेता आलं असतं. 'व्हायरस काढला, सापडलं' असं म्हणून निभावलंही असतं. पण आधीची थाप बरी बसली होती. ती हलवायची भीती वाटली. इंजिनिअर येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा नियम त्या दिवशी मी पहिल्यांदा मनापासून पाळला.

बुधवारी इंजिनिअर आला. सीडी घातली, उर्दूचा कप्पा तेवढा निवडला आणि, कधी नव्हे ते, थांबला.

"ह्यातला डेटा काही ठेवायचा आहे का?"

मी दारात उभ्या हेडसरांकडं बघितलं. हेडसर पंख्याकडं बघत होते.

"न्हाई," म्हणलं.

मार्चमध्ये साहेब आले. आपांनी वह्या दाखवल्या. साहेबांना कॉम्प्युटरवरचं हवं होतं, वरून तसा कागद आला होता. त्यांनी लॅबचं कौतुक केलं, वर्षभरात एकच बिघाड आणि तोही बाहेरचा. क्लार्कची जागा निघाली आणि मेव्हण्याच्या पोराला मिळाली. आपांचं नाव पुढच्या यादीत नव्हतं.

जायच्या आधी त्या लॅबमध्ये आल्या. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"एवढा साफ करून द्या, सर. हैदराबादला भावाकडं जायलोय आम्ही. तिथं कुणाच्या मशीनला लागायला नको. माझ्यामुळं इथं तुम्हाला तकलीफ झाली."

मी तो मशीनला लावला आणि तपासणी सुरू केली. काही निघालं नाही. निघणार काय? आत एकच प्रश्नपत्रिका होती, छापायला नेलेली. त्या समोर उभ्या होत्या म्हणून मी उगाच आणखी दोनदा तपासलं.

"गेला का व्हायरस?"

"साफ हाय, आपा," मी म्हणलं. "ह्यानं कुणाच्या मशीनला काही व्हायचं न्हाई."

त्या सगळ्या दिवसांत त्यांच्याशी खरं बोललो ते एवढंच.