वरच्या मजल्यावरची ती

रविवार, सकाळी नऊ. हजर: मी, आमचे हे आणि वरच्या मजल्यावरची ती.

ती मूळची जासईची, खारघरच्या प्रयोगशाळेत काम करते. हृदयाच्या पेशी आपला कचरा मोडून पुन्हा वापरतात. एका झाडाच्या अर्काने ते काम सुधारतं का, हे ती उंदरांवर तपासते. बोटांवर मोजत समजावते आणि शेवटी हमखास म्हणते, "पन माणसांचं अजून कळलेलं नाय."

यांचं हृदय कमजोर. यांनी शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं.

आज हे कौतुकाने म्हणाले, "तुझ्या झाडाचा काढा घेतोय. आठ दिवस झाले, डॉक्टरांची गोळी बंद."

ती रागावली नाही. तिने काढा मोरीत ओतला, पातेलं घासून पालथं घातलं. "चूक माझी हाय, काका. झाडाचं नाव सांगायला नको होतं. आता डॉक्टरांना फोन करा."

"उद्या करू. ओरडतील गं."

"ओरडू देत. मी हाय ना." तिने खुर्ची ओढली.

मी दोनदा फोन लावला. अजून लागलेला नाही. ती उठलेली नाही.