रेसवरचा पाय

माझ्या हातून आयुष्यात एकच अपघात झाला. खरं तर तो पायानं झाला, पण एवढं कबूल करायला मला दोन महिने लागले.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. भावाभावांत वाटणी झाली की मोठा भाऊ धाकट्याच्या पदरात फुटकी कढई आणि म्हातारा बैल टाकतो. जुन्या जिल्ह्यानं आमच्याशी तेच केलं. अहमदपूरच्या आमच्या कचेरीत डुगडुगत्या खुर्च्या आल्या, कुलपं असलेली पण किल्ल्या नसलेली कपाटं आली आणि एक पिकअप गाडी आली. गाडीचा ड्रायव्हर मात्र आला नाही. माझं घरदार इकडंच आहे, असं सांगून तो जुन्या जिल्ह्यात राहिला. गाडी दोन महिने वडाखाली उभी होती आणि तिच्या हौद्यात कचेरीतल्या शिपायाची शेळी झोपायची.

त्यात दुष्काळ. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली आणि डोंगराकडच्या वाड्यांच्या विहिरी तळाला गेल्या. मग साहेबांनी पिकअपवर लोखंडी टाकी बसवून घेतली आणि सगळ्यांना बोलावून विचारलं, गाडी कुणाला येते. माझा हात वर गेला. कुणी धरून वर केला नव्हता. पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे, आणि माझ्या बाबतीत पायाचा संबंध पुढं अगदी शब्दशः आला.

माझ्याकडं परवाना होता हे खरं. नोकरीच्या अर्जात ‘इतर पात्रता’ या रकान्यात लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी तो काढला होता. परीक्षा घेणाऱ्या साहेबांची जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी मला फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि मी परत येईपर्यंत ते डबा उघडून बसले होते. बाकी माझं सगळं शिक्षण नांदेडकडं मामाच्या गावी, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर झालेलं. नांगरताना ट्रॅक्टरची रेस हातानं लावून ठेवायची, म्हणजे तो आपला एका चालीनं चालत राहतो. उजव्या पायाला काम एकच, थांबायचं झालं की दाबायचं. दोन उन्हाळे माझा उजवा पाय हे एवढंच शिकला आणि पक्कं शिकला. पिकअपला रेसही उजव्याच पायानं द्यायची असते हे मला ठाऊक होतं. पायाला ते कुणी नीट सांगितलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस निभावलं. मी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नव्हतो. पण ऐट काय विचारता. काळा चष्मा घेतला, कॉलरमध्ये रुमाल खोचला. आमच्या बौद्धवाड्यात कारकून झालेला मी पहिला, आता तर गाडी हाकणारा कारकून. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पोरगं गावोगाव पाणी देतंय. जसं काही ते मीच पाडत होतो.

मग ब्रेक करकरायला लागले. स्टँडजवळ एका मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. नांदेडला काम शिकून आलेले, आणि ब्रेकचं काम करावं तर त्यांनीच, असं तालुक्यातले सगळे जीपवाले मानायचे. त्यांची एक रीत होती. काम झालं की ते स्वतः ड्रायव्हरशेजारी बसत, गाडी धान्याच्या मोंढ्यापलीकडच्या उतारावर घ्यायला लावत आणि अर्ध्या उतारावर म्हणत, दाबा. गाडी जागच्या जागी थांबल्याशिवाय ती दुकानातून सोडायची नाही. मलाही त्यांनी तिथं नेलं. त्यांचा शब्द ऐकून मी नीट बघून, विचार करून ब्रेक दाबला, तर गाडी अशी थांबली की माझा चष्मा नाकावरून खाली घसरला. चाचा म्हणाले, आता बिनघोर चालवा.

दुसऱ्याच दिवशी मी बिनघोर चालवली.

त्या दिवशी ज्या वाडीला पाणी न्यायचं होतं, ती उताराच्या पायथ्याला होती. पाण्याच्या गाडीची वाट बघत दिवसभर उन्हात कोण उभं राहणार, म्हणून लोक आपापली भांडी रांगेत लावून ठेवत आणि स्वतः लिंबाच्या सावलीला बसत. भांडं जिथं, तिथं तुमचा नंबर. घागरी, हंडे, डालड्याचे डबे, आणि एकानं तर नुसता दगड ठेवलेला. त्या दगडाचा नंबरही कुणी मोडत नसे.

मी उतार उतरत होतो आणि एक शेळी आडवी आली. मी जीव खाऊन उजवा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. ब्रेक कमी पडतोय असं वाटून मी आणखी जोरात दाबला. जितका दाबावा तितकी गाडी पळे, आणि जितकी पळे तितका मी दाबी. शेळी शहाणी होती, ती बाजूला झाली. भांड्यांना पाय नव्हते. पहिल्या नंबरापासून शेवटच्या दगडापर्यंत सगळी रांग मी गाडीखाली घेतली आणि नव्या विहिरीतून काढलेल्या मातीच्या ढिगात गाडी जाऊन रुतली.

टाकी कलंडली, झाकण उघडलं आणि पाणी वाहायला लागलं. मागची चाकं चिखलात गरगर फिरत होती. लिंबाखालच्या बाया धावत आल्या आणि वाटीनं, तांब्यानं, पदरानं ते गढूळ पाणी गोळा करायला लागल्या. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. ते बघायला मला आजही लाज वाटते, आणि डोळे मिटले तरी ते दिसतंच.

एक म्हातारी तेवढी माझ्या खिडकीशी आली. पहिल्या नंबरची तांब्याची घागर तिची होती. ती शांतपणे म्हणाली, “लेकरा, पाय काढ की. गाडी लई बोंबलून राहिली.”

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय रेसवर होता. ब्रेक शेजारी रिकामा होता, त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी पाय उचलला आणि गाडी गप्प झाली.

एवढ्यात चारपाच बाप्ये आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. मी विचार करायच्या आत तोंडानं उत्तर देऊन टाकलं: ब्रेक फेल. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडं बैलगाडी ओढ्यात गेली तरी ब्रेक फेलच होतात. मी म्हातारीला तिची घागर ठोकून आणून देतो म्हणालो, चेपलेली घागर काखेत मारली आणि फाट्यावरून एसटीनं परत आलो. वाटभर मला आईच दिसत होती. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो.

अपघाताचा अहवाल लिहायचं काम ज्याचं अक्षर चांगलं त्याचं, म्हणजे माझंच. अपघात करणारा मी, बघणारा मी आणि लिहिणाराही मी. ‘सदर वाहनाच्या ब्रेकने ऐनवेळी काम न केल्यामुळे’ असं मी झोकात लिहिलं. साहेबांनी विचारलं, ब्रेकचं काम कुणी केलं होतं. इथं मी थोडा अडखळलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी अजिबात अडखळलो नाही. दुकानाचा पत्ता खाणाखुणांसकट सांगितला.

सरकारी गाड्या दुरुस्तीला लातूरला जायला लागल्या. जिपांनी पाठ फिरवली. लहान गावात मिस्त्रीच्या हातची गाडी उतारावर सुटली ही बातमी एसटीच्या आधी पोचते. पिकअपला दुसरा ड्रायव्हर मिळाला, मी माझ्या डुगडुगत्या खुर्चीवर परत आलो, आणि घरी जाताना स्टँडवरून न जाता गावाला वळसा घालून जायला लागलो. घागर टेबलाखाली तशीच पडून होती. येताजाता पायाला लागायची.

शेवटी ती मलाच सहन होईना. घागर घेऊन तांबटाकडं निघालो, आणि तांबट बसायचा नेमका चाचांच्या दुकानाला लागून. मी मान खाली घालून घागर दिली, तोवर चाचांनी हाक मारून चहा सांगितला होता. तेवढ्यात निलंग्याकडचा एक जीपवाला आला. गावात परका, त्याला काही ठाऊक नव्हतं. ब्रेक करून द्या म्हणाला. चाचांनी त्याला वाटेला लावलं.

तो गेल्यावर मी विचारलं, का हो, परत का पाठवलं. चाचा म्हणाले, “ब्रेकचं काम सोडलं मी, साहेब. हातावर भरोसा न्हाई राहिला. तुमच्या गाडीला काय चुकलं, रोज आठवून बघतो. सापडत न्हाई.”

लोक काय म्हणतात याचं त्यांना फार नव्हतं. हा माणूस स्वतःच्या हातांकडं संशयानं बघत होता, आणि त्याला तो संशय मी लावला होता. हे ऐकून मी काय केलं? चहा प्यालो. चहात आलं होतं आणि साखर जास्त होती, हेही मला आठवतं. मग उठून घरी गेलो.

दोन रात्री तळमळल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणं कागद लिहिला. तो घेऊन दुकानात गेलो आणि चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्याकडं केला. त्यांचं लिहिणंवाचणं सगळं उर्दूतलं. म्हणाले, तुम्हीच वाचा. मग मी उभ्यानं वाचलं. सदर अपघातसमयी चालकाचा उजवा पाय अनवधानाने अन्यत्र स्थिरावल्याचे, आणि ब्रेक सुस्थितीत असल्याचे निदर्शनास आले आहे, वगैरे.

चाचा ऐकत होते. मग म्हणाले, “कुणाचा पाय, साहेब?”

“चालकाचा.”

“चालक कोण?”

हातातल्या कागदाचा काही उपयोग नव्हता. मी म्हणालो, “मी, चाचा. ब्रेकला माझा पाय लागलाच नव्हता. मी रेस दाबून धरली होती.”

चाचा पान्हे उचलून एकेक जागेवर ठेवत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “दोन महिने, साहेब.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. असं झालंच कसं, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी ट्रॅक्टरचं सगळं सांगितलं. ऐकताऐकता त्यांचे खांदे हलायला लागले आणि शेवटी डोळे पुसत ते म्हणाले की एवढा शिकलेला पाय त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

कागद मी कचेरीतही दिला. साहेबांनी दोनदा वाचला, मला ताकीद लिहून घ्यायला सांगितली, आणि ती ताकीदही माझ्याच सुंदर अक्षरात फाइलला लागली. नोकरी राहिली. घागर घेऊन वाडीला गेलो तेव्हा म्हातारीनं ती उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, गाडी आणली का. सायकलवर आलो म्हणालो. बरं केलंस, म्हणाली.

पण माझ्या कागदानं चाचांचं काही भलं झालं नाही. जीपवाले म्हणायचे, सरकारी माणसं काय, आज एक लिहितात, उद्या दुसरं. ब्रेकला गाड्या येईनात.

मग एके दुपारी चाचांचा निरोप आला, असाल तसे या. दुकानासमोर जीप उभी होती. मालक, आमच्या गावातलाच, तोंड आंबट करून मागं बसला होता. चाचांनी त्याला कसं तयार केलं कोण जाणे, पण ब्रेक करून झाले होते. चाचांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसायला सांगितलं. मी मागं सरलो. गाडीचा धनी हजर असताना ट्रायल माझ्याकडून कशाला, म्हणालो.

चाचा म्हणाले, “बसा, साहेब. तुमच्या पायाखाली थांबली, म्हंजे कुणाच्याबी पायाखाली थांबंल.”

जीपमालकाला एकदम हसू फुटलं. सगळ्या गावाला माझा पाय ठाऊक झाला होता. मी बसलो. चाचा शेजारी बसले, हात मांडीवर ठेवून, नजर समोर. मोंढ्याच्या पलीकडं उतार लागला. अर्ध्यावर ते म्हणाले, दाबा. मी आधी खाली बघितलं, पाय बघितला, ब्रेक बघितला, आणि दाबला.

जीप थांबली. चाचांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, चला परत.

त्या महिन्यापासून दुकानात परत गाड्या लागायला लागल्या. ब्रेकचं काम झालं की जीपवाले चाचांना एकच विचारायचे, साहेबांनी दाबून बघितला का. दर बाजारच्या दिवशी कुणी ना कुणी कचेरीच्या दाराशी येऊन उभं राहायचं आणि भरल्या कचेरीत मला हाक मारायचं. मी पेन खाली ठेवून निघायचो.