कुमारांचं कपाट

अनसूयाबाई वाचनालयात आल्या त्या दोन महिन्यांसाठी. आधीच्या ग्रंथपाल बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, तेवढ्यापुरतं सांभाळा, असं ठरलं होतं. त्या परत आल्याच नाहीत आणि अनसूयाबाईंची अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीत गेली. खोली एक, खिडकी एक, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर लूमच्या कारखान्याची भिंत. दिवसभर खटखट. घरी गेल्यावरही तीच कानात, त्यामुळे नवरा जरा हळू बोलला की बाई उगीच त्याच्यावर डाफरत. मेअखेरीस निवृत्ती होती. लेक सई नाशिकला, तिच्या घराला मोठी गच्ची. बाई मनानं केव्हाच तिथं जाऊन बसल्या होत्या. भिवंडीत राहिला होता तो नुसता देह, आणि तोही वैतागलेला.

त्या खोलीत त्यांचं म्हणावं असं एकच होतं, कोपऱ्यातलं काचेचं कपाट. बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी एकेक करून जमवलेली दीडशे पुस्तकं. वर पाटी, 'कुमार विभाग'. परीक्षा आटोपल्या की दर एप्रिलला बाई 'कुमारांसाठी निवडक पुस्तके' अशी यादी सुवाच्य अक्षरात लिहून फळ्यावर लावत. प्रत्येक पुस्तकापुढं एक ओळ असे. 'आईशी भांडण झालं असेल त्या दिवशी वाचा.' 'सुरुवात कंटाळवाणी आहे, तीस पानं धीर धरा.' 'शेवट आधी वाचलात तर मला कळेल.'

ती यादी वाचायला कुणी थांबत नसे, हा भाग वेगळा. मुलं मोबाइलमध्ये आणि मुलींना वाचनाची गोडीच नाही, असं बाई वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. वार्षिक अहवालातही त्यांनी तेच लिहून दिलं होतं.

तेच त्यांच्या अंगाशी आलं. मार्चमध्ये कार्याध्यक्ष प्रभाकरराव अहवाल हातात घेऊन आले. निवृत्त हेडक्लार्क. माणूस वाईट नाही, पण कागदाच्या पलीकडे बघायची सवय नाही.

"बाई, हे कपाट हलवू. तिथं स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी चार टेबलं बसतात. पुस्तकं पोत्यांत भरून वळ गावाला पाठवू, आपल्या एका सभासदाच्या गोदामात."

वळच्या गोदामात गेलेलं काही परत आल्याचं बाईंना आठवत नव्हतं. "आणि वाचक दाखवले तर?"

"एप्रिलअखेर वीस दाखवा. मग बघू."

बाईंनी शाळांना फोन केले, पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकले. कुणी फिरकलं नाही.

वाचनालय झाडणारी सरू अंबाडी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची, आता भिवंडीतच कामतघर वस्तीत राहायची. इथलं आवरून ती शेजारच्या दवाखान्यात कामाला जाई, तोवर तिची लेक जागृती बाकावर बसून राही. चौदा वर्षांची, आठवी झालेली. रोज बालविभागातलं सशाचं एकच जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उलटंपालटं करायची. बाईंना एक दिवस राहवलं नाही.

"अगं घोडे, ससे कसले वाचतेस? त्या कपाटातलं घे की."

"ते पोरांचं हाय."

"कुणी सांगितलं?"

"लिवलंय ना वर. कुमार. शाळेत पोरांच्या नावाफुडं कुमार लिवतात, आमच्या फुडं कुमारी."

बाई हसल्या. मग त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली. अठ्ठावीस वर्षांत त्या कपाटातून पुस्तक नेलेल्या मुली अकरा, आणि अकराच्या अकरा ओळखीच्या घरातल्या, बाईंनी स्वतः हाताला धरून तिथं नेलेल्या. बाकीच्या पाटी वाचून मागे फिरल्या असणार. वाचता येत होतं म्हणूनच फिरल्या. पाटी बाईंच्याच अक्षरातली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

पाटी बदलायची तर लिहायचं काय? 'किशोर' लिहिलं. जागृती म्हणाली, "किशोर माझा मामा हाय." 'तरुण' म्हणजे तरुण मुलगा, 'युवक' तसाच. 'मुलांसाठी' लिहिलं, तर तिनं नुसतं बाईंकडे पाहिलं. ज्या भाषेवर त्या आयुष्यभर पोसल्या, तिनंच त्यांना चहूबाजूंनी कोंडीत धरलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'वय बारा ते सोळा. कुणीही.' फळ्यावरच्या यादीचं नावही तसंच बदललं.

दुसऱ्या दिवशी जागृती कामतघरच्या चार जणींना घेऊन आली. त्यांनी आणखी आणल्या. फळ्यापुढं उभ्या राहून यादी मोठ्यानं वाचायच्या, एकमेकींना ढोसायच्या. आईशी भांडण झालेल्या दिवशीच्या पुस्तकावर तर रांग लागली. एप्रिलअखेर रजिस्टरात तेवीस नावं होती.

प्रभाकररावांनी ती बोटानं खालपर्यंत वाचली. "या सगळ्या मुलीच."

"हो."

"जूनला निम्म्या गावी जातील, निम्म्या घरकामाला जुंपल्या जातील. यांच्या भरवशावर जागा किती अडवायची? ठराव झालाय बाई. रविवारी टेम्पो येतोय."

वादात बाईंचा कधी टिकाव लागला नव्हता, तेव्हाही लागला नाही. शनिवारी मात्र त्यांनी कपाट उघडलं. एका वेळी एकच पुस्तक, हा नियम त्यांनी अठ्ठावीस वर्षं कुणाला मोडू दिला नव्हता. त्या दिवशी एकेकीला सहा-सात दिली. दप्तरात, ओढणीत, कुणी पोटाशी धरून नेली.

रविवारी प्रभाकरराव रिकाम्या कपाटापुढं उभे राहिले. "पुस्तकं?"

"वाचायला गेलीत."

"दीडशे? कुणाच्या जबाबदारीवर?"

"माझ्या. सही आहे."

"अहो, बाहेरची पुस्तकं जमा झाल्याशिवाय तुम्हाला मोकळं करता येत नाही. नाशिकला जायचंय ना तुम्हाला?"

"जायचंय," बाई म्हणाल्या. जायचं तर होतंच, फार होतं. टेम्पो नुसतं कपाट घेऊन गेला.

सोमवारी जागृती आली तेव्हा तिथं चार टेबलं लागली होती. ती नेहमीच्या बाकावर बसली.

"आई म्हनते तुमी जानार. कवा?"

"तुम्ही सगळ्या पुस्तकं परत आणाल तेव्हा."

जागृतीनं जरा विचार केला.

"मंग मी आनतच न्हाय," ती म्हणाली.