गाण्यातली हाक
सुका जवळा तव्यावर पडला की मला ते अंगण आठवतं. तेव्हा नवे डीजे आणि रॅपर शोधून देणं ही माझी नोकरी होती, आणि कितीतरी महिने एकही चांगलं नाव हाती लागलं नव्हतं. नोकरी जाणार हे दिसत होतं. अशात चौलकडच्या एका हळदीत बोटीच्या इंजिनाच्या ठोक्यांवर बांधलेली एक बीट ऐकली आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात मधेच डीजेचं नाव ओरडलेलं असतं. यात नाव नव्हतं, नुसती एक बाई हाक मारत होती, "जेवाला ये रं." मोबाइलवर ती हाक वाजवत मी वेड्यासारखी किनाऱ्यावरची गावं पालथी घातली. शेवटी एका कोळीवाड्यात अंगणात जवळा वाळत घालणारी बाई ती ऐकून जागीच थांबली. आवाज तिचाच होता, मुलाला जेवायला बोलावतानाचा; बीट त्यानेच बांधली होती. "मुलगा कुठाय तुमचा?" मी अधीरपणे विचारलं. "बोटीवर गेला, तो आलाच न्हाय," ती म्हणाली. मग मोबाइल कानाला लावून तिने अख्खं गाणं ऐकलं, पुन्हा ऐकलं. "बाय, यो त माजाच आवाज हाय. त्याचा न्हाय का कुटं?" मी गाणं कितीदा मागेपुढे केलं, पण त्यात तो एक शब्दही बोलला नव्हता. आजही कुणा नव्या पोराची बीट आली की मी ठोका नंतर ऐकते. आधी त्याला कळवते, बाबा, निदान तुझं नाव तरी बोल.